वाचून दाखविले, बरोबर आहे

“हे ती म्हणाली?”

बायकोनं कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल प्रतीवर टेकवून पुढच्या शब्दाची वाट बघत होतो.

“कोण ती?”

“ही. जिची साक्ष आहे ती. असं म्हणाली ती, तोंडानं?”

“पुढं वाच. अजून बावीस पानं आहेत.”

ती पुढं वाचेना. तेच वाक्य तिनं परत वाचलं, पहिल्यापेक्षा हळू, विरामचिन्हासकट. “यापूर्वी माझे किती पुरुषांशी संबंध आले ते मला आठवत नाही पूर्णविराम.”

संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. शेजारच्या खोलीत आमची मुलगी पाढे घोकत होती. बायको उठली, मधलं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसली.

“सांगा ना. असं कोणती बाई म्हणेल?”

“ती काही म्हणाली नाही,” मी म्हटलं. “गप्प उभी होती.”

“मग हे कुणी लिहिलं?”

 टाइप मीच केलं होतं, हे तिला माहीत होतं.

मी सेशन्स कोर्टात टायपिस्ट होतो. एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर काढली, न्यायाधीशांच्या टेबलाच्या डाव्या अंगाला, जरा खाली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलायचा, न्यायाधीश ते ऐकून आपल्या शब्दांत सांगायचे आणि मी टाइप करायचो. प्रश्न लिहायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य व्हायचं आणि ते साक्षीदाराच्या तोंडी घातलं जायचं. वकिलानं विचारलं, तू त्याला आधीपासून ओळखत होतीस? बाई नुसतं “हो” म्हणाली, की कागदावर यायचं, ‘मी त्याला आधीपासून ओळखत होते.’ नंतर वाचणाऱ्याला वाटावं, बाई आपणहून सांगत सुटली आहे.

खटला वरच्या कोर्टात गेला की सगळे कागद नव्यानं टाइप व्हायचे. मग रुजवात. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नव्या प्रतीवर पेन्सिल फिरवत शब्दन् शब्द ताडून बघायचा. ऑफिसात या कामाला दोन माणसं नेमलेली होती, पण एकाचे दात दुखायचे आणि दुसऱ्याचे मेहुणे फार होते, सारखं कुणाचं तरी लग्न. म्हणून मी गठ्ठे घरी आणायचो. हे नियमात बसणारं नव्हतं. बायको वाचायची, मी ताडायचो. ती सातवी शिकलेली, पण वाचणं खणखणीत. स्वल्पविराम, अर्धविराम, परिच्छेद, सगळं बोलून वाचायची. पुढंपुढं तर आमची भांडणंसुद्धा तशीच व्हायला लागली. “तुमची आई सकाळपासून तोंड फुगवून बसलीय स्वल्पविराम का ते मला विचारू नका पूर्णविराम.” मग दोघांनाही हसू यायचं आणि भांडण तिथंच राहायचं.

जमिनीचे वाद, मारामाऱ्या, चोऱ्या तिनं वाचल्या. बायकांच्या साक्षीही वाचल्या. त्या वाचताना तिचा आवाज सपाट व्हायचा, इतकंच. पण त्या दिवशी ती थांबली.

“त्या दिवशी काय झालं ते सांगा,” ती म्हणाली. “सांगितल्याशिवाय मी वाचणार नाही. खुशाल स्वतःच वाचा आणि स्वतःच ताडा.”

मग मी सांगितलं.

साक्ष देणारी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची होती. औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या मुकादमावर तिनं फिर्याद दिलेली. दार बंद करून सुनावणी चालू होती. आत न्यायाधीश, दोन वकील, मुकादम, ती आणि मी. तिच्या आईलाही बाहेर बसवलं होतं, कारण तीही साक्षीदार होती. सरकारी वकिलांनी तिची हकीकत विचारून घेतली. ती तिनं नीट सांगितली, कुठंही अडखळली नाही. मग मुकादमाचा वकील उठला. त्यानं आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणाला, “याआधी किती जणांबरोबर गेली होतीस, ते सांग.”

सरकारी वकील अर्धवट उठले आणि खाली बसले. तेव्हा असा प्रश्न चालायचा. बाईची चालचलणूक कशी आहे ते कळलं तर ती खरं बोलते का ते कळतं, असं धरून चालायचे.

मुलगी काही बोलली नाही. पिंजऱ्याच्या कठड्यावर एक खिळा वर आला होता, त्याच्याकडे बघत राहिली. न्यायाधीशसाहेब म्हणाले, “बाई, उत्तर द्या.” ती गप्प. साहेबांनी तिला पाणी द्यायला लावलं. ती प्यायली, पेला खाली ठेवला आणि पुन्हा खिळ्याकडे बघायला लागली. जेवायच्या सुट्टीला पाच मिनिटं राहिली होती. साहेब माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “लिहा, आठवत नाही.”

साक्षीदार गप्प बसला की ‘आठवत नाही’ लिहायचं, ही आमच्या कोर्टातली जुनी रीत. आमचे शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचे मुख्य, म्हणायचे, यंत्राला गप्प बसण्याची कळच नाही, तर टायपिस्ट बिचारा काय करणार. जमिनीच्या दाव्यात त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. बांध कुणी घातला, आठवत नाही. कागद कुणी लिहिला, आठवत नाही. माझ्या बोटांना ती सवयच लागलेली. साहेबांनी दोन शब्द सांगितले, मी प्रश्न त्यात गुंफून पूर्ण वाक्य केलं. साहेब वाईट माणूस नव्हते. मीही नव्हतो, असं मला वाटायचं.

“आणि तिला वाचून दाखवलं नाही?” बायकोनं विचारलं. प्रत्येक साक्षीच्या खाली ती ओळ असते, हे तिला वाचून वाचून पाठ होतं. ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ त्याखाली साक्षीदाराची सही.

“दाखवायला पाहिजे होतं.”

“दाखवलं का?”

“नाही.”

बायकोनं कागद उचलला. उरलेली बावीस पानं तिनं वाचली, एकही शब्द न चुकता. शेवटी म्हणाली, “रुजवात झाली. जसं होतं तसं उतरलंय.” आणि ताटं घ्यायला उठली.

आमच्या कोर्टात मुकादम सुटला होता. तो निकालही मीच टाइप केलेला. त्यात ते वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. फिर्यादी स्वतःच म्हणते की आकडाही आठवत नाही. अशा स्त्रीच्या एकटीच्या शब्दावर, दुसरा कसला आधार नसताना, विसंबणं धोक्याचं आहे. सरकारनं अपील केलं होतं, म्हणून तर आम्ही ती रुजवात करत होतो. वरच्या कोर्टानंही ते वाक्य वाचलं. अपील फेटाळलं.

बायको त्यानंतरही वर्षानुवर्षं माझ्यासोबत वाचायला बसायची. त्या प्रकरणाबद्दल ती परत बोलली नाही. फक्त एकदा, सात-आठ वर्षांनी, आम्ही दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत उभे होतो. पुढं तीन माणसं सोडून ती मुलगी उभी होती. मुलगी कसली, आता बाई. तिनं मागं वळून पाहिलं, माझ्यावरून नजर गेली आणि पुढं सरकली. टायपिस्टचा चेहरा कुणी लक्षात ठेवत नाही. मी बायकोला हळूच सांगितलं, ती बघ, गोळ्यांच्या कारखान्यातली. बायको लगेच पुढं जायला निघाली. मी तिचं मनगट धरलं.

“सोडा,” ती म्हणाली.

“काय सांगणार आहेस तिला? तिच्या नावावर काय लिहिलंय ते? तिला ते माहीतही नसेल.”

बायको थांबली. रांग पुढं सरकली. ती बाई कागद घेऊन जिना चढून गेली तोवर मी मनगट सोडलं नव्हतं. घरी येताना बायको एवढंच म्हणाली, “तिला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत आहे. हे काही बरं नाही.”

मी निवृत्त झालो. यंत्रं जाऊन कॉम्प्युटर आले. गेल्या वर्षी बायको आजारी पडली आणि दवाखान्यातच राहिली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा रेडिओ दिवसभर चालू असायचा. एका दुपारी बातमी लागली, अशा खटल्यांतल्या पुराव्याचे नियम बदलायचे म्हणून समिती नेमली आहे. बाईच्या आधीच्या आयुष्याबद्दल विचारता येऊ नये. प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं लिहिलं जावं. तिच्या एकटीच्या शब्दाला दुसऱ्या साक्षीदाराचा टेकू मागू नये. समिती गावोगावी बसणार आहे, कोर्टात काम केलेल्यांनीही येऊन सांगावं.

बायकोचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली आहे.

“जाल ना?” ती म्हणाली.

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“तू बरी हो, मग बघू.”

 अकरा दिवसांनी ती गेली.

लोक म्हणत होते, काही महिन्यांत आवाज विसरायला होतो. माणूस लक्षात राहतं, आवाज जातो. माझं उलटं झालं. आवाज स्पष्ट येतो, पण एकाच वाक्याचा. चहाचं आधण ठेवलं की मागून येतो. कुलपात किल्ली फिरवली की येतो. आम्ही छत्तीस वर्षं बोललो. तिनं मला हाका मारल्या, चिडवलं, मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा शिव्या घातल्या. त्यातलं काही एक आठवायला बसलो की ते येतच नाही. तिचा आवाज सपाट होतो आणि म्हणतो, ‘यापूर्वी माझे किती पुरुषांशी संबंध आले ते मला आठवत नाही पूर्णविराम.’ माझी बायको माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हे म्हणते. मी भीतीनं दोनदा गॅस बंद करायला विसरलो आहे.

समिती आमच्याकडे येणार असल्याचं कळल्यावर मी पत्र टाकलं. मग शिरस्तेदारांना फोन केला. तेही निवृत्त. त्यांना आम्ही कॅलेंडर म्हणायचो, कारण कुठल्या खटल्याची कुठली तारीख हे त्यांना तोंडपाठ असायचं.

“कोणता खटला? गोळ्यांचा?” कॅलेंडर म्हणाले. “मंगळवार होता. अरे, साहेब गेले, तो वकील गेला, मुकादम कुठं आहे कुणास ठाऊक. आता ते मढं उकरून काय मिळणार तुला?”

“काही नाही.”

“मग? घरी गठ्ठे न्यायचास तेही सांगणार? वा! म्हणजे माझंही नाव घे. नेऊ कुणी दिले, तर ह्या गाढवानं.”

“तुमचं नाव नाही घेणार.”

“घे रे, घे. नाहीतरी घरात कुणी माझं नाव घेत नाही.”  मग म्हणाले, “वहिनी वाचायच्या ना? एकदा माझ्या हातची प्रत त्यांच्याकडे आली होती. सतरा चुका काढून पाठवल्या होत्या. सतरा!”

आमच्या मुलीनं मात्र ऐकायचं नाकारलं. आदल्या दिवशी ती मुद्दाम आली.

“बाबा, साहेबांना म्हणायचं ते लोक तुम्हालाच म्हणतील. एवढी वर्षं कुठं होता, म्हणतील. आणि आईचं नाव कशाला त्यात? गुपचूप कागद वाचायची असं छापून येईल. गेलेल्या माणसाला का ओढताय?”

“तीच म्हणाली होती, जा म्हणून.”

“आजारी माणूस काहीही बोलतं.”

“ती कधीच काहीही बोलत नव्हती,” मी म्हटलं. “तुला माहीत आहे.”

मुलगी माझ्या शर्टाला इस्त्री करत बसली. एकच बाही तीन वेळा केली.

समिती नगरपालिकेच्या सभागृहात बसली होती. मधे अध्यक्षबाई, निवृत्त न्यायाधीश. त्यांच्या एका बाजूला एक डॉक्टरीण, दुसऱ्या बाजूला एक वयस्कर वकील. कोपऱ्यात कॉम्प्युटरवर टाइप करणारी बाई. मी आधी तिच्याकडेच बघितलं. तिची बसायची ढब चुकीची होती, अशी बसली तर पन्नाशीत कंबर जाणार.

अध्यक्षबाई म्हणाल्या, “काका, बसून बोला. घाई नाही.”

मी सांगितलं. खिळ्यापासून सांगितलं, पाण्यापासून सांगितलं. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, “कागदावर नेमकं काय लिहिलं गेलं?”

तिथं मी अडलो. साहेबांनी दोन शब्द सांगितले होते, मी वाक्य टाइप केलं, बायकोनं ते वाचलं. माझ्या तोंडातून ते वाक्य एकदाही बाहेर पडलं नव्हतं. भर सभागृहात, अनोळखी बायकांसमोर, ते म्हणायचं होतं.  डॉक्टरीणबाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. मी घेतली नाही.

मी म्हटलं, “यापूर्वी माझे किती पुरुषांशी संबंध आले ते मला आठवत नाही.”

आवाज माझाच होता, म्हातारा आणि घोगरा. टाइप करणाऱ्या बाईची बोटं थांबली आणि मग चालू झाली.

वयस्कर वकिलांनी विचारलं, “साहेबांनी सांगितलं ते तुम्ही लिहिलंत. त्यात तुमची काय चूक?”

“वाचून दाखवायचं काम माझं होतं. दाखवलं नाही. खाली मात्र दाखवलं असं लिहिलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.”

“का नाही दाखवलंत?”

“जेवायची सुट्टी झाली होती,” मी म्हटलं. “भूक लागली होती.”

 वकिलांनी चष्मा काढून पुसला. “गैरसमज करून घेऊ नका,” ते म्हणाले, “पण कागद सांगतो ‘वाचून दाखवलं’, आणि तुम्ही सांगता ‘नाही’. पंचवीसेक वर्षं झाली. तुमच्या म्हणण्याला पुष्टी देणारं दुसरं कुणी आहे?”

“बायको होती. त्याच आठवड्यात मी तिला सगळं सांगितलं होतं.”

“त्यांना आणता येईल?”

“नाही. मार्चमध्ये गेली.”

“मग तुमच्या एकट्याच्याच शब्दावर...” वकिलांनी सुरुवात केली.

अध्यक्षबाई त्यांच्याकडे वळल्या. “वकीलसाहेब, आपण इथं कशासाठी बसलोय?” त्यांचा आवाज मोठा नव्हता. मग टाइप करणाऱ्या बाईला म्हणाल्या, “लिहा. जसं सांगतायत तसंच. प्रश्नांसकट.”

वकील ओशाळले. मला म्हणाले, “माफ करा. सवय.”

“मला माहीत आहे,” मी म्हटलं.

शेवटी अध्यक्षबाईंनी सांगितलं, “याने जुना निकाल बदलणार नाही, काका. नियम बदलला तरी तो पुढच्यांसाठी. ती बाई सापडली तर तिला कळवू का आम्ही? ते तुमच्यावर आहे.”

मला दवाखान्याची रांग दिसली. “कळवा,” मी म्हटलं. “आणि मला भेटायचं की नाही ते तिला ठरवू दे.”

मला बाहेरच्या बाकावर बसवलं. अर्ध्या तासानं टाइप करणारी बाई माझं निवेदन छापून घेऊन आली. चार पानं. “वाचून बघा, आजोबा. चुका असतील तर सांगा. बरोबर असेल तरच सही करा. मी थांबते.”

मी पेन्सिल मागून घेतली आणि पहिल्या ओळीपासून पेन्सिल फिरवत वाचलं. काम चांगलं होतं. दुसऱ्या पानावर एक अनुस्वार राहिला होता, तिसऱ्यावर ‘पिंजरा’चा ‘पींजरा’ झाला होता. मी दोन्हीकडे खुणा केल्या. प्रश्न होते, त्याखाली उत्तरं होती. मी जिथं अडलो होतो तिथं कंसात लिहिलं होतं, ‘साक्षीदार काही वेळ बोलले नाहीत.’ ते मी दोनदा वाचलं. चौथ्या पानावर पत्नीबद्दलचं माझं उत्तर होतं, ‘नाही. मार्चमध्ये गेली.’

मग परत पहिल्या पानावर गेलो, कारण वरचा तपशील मी सगळ्यात शेवटी तपासतो. तो कोर्टानं पाठवलेल्या माझ्या जुन्या सेवापुस्तकातून उतरवून घेतलेला होता. नाव, जन्मतारीख, शिक्षण, हुद्दा. त्याखाली वैवाहिक स्थितीसमोर लिहिलं होतं, विवाहित.

पहिल्या पानावर एक आणि चौथ्यावर दुसरं. रुजवातीत अशी विसंगती निघाली की कागद परत जायचा. असे शेकडो कागद मी परत पाठवले होते.

“आणखी काही आहे का, आजोबा?” तिनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “बरोबर आहे.”

आणि मी सही केली.